कापायचं किती, ठेवायचं किती

अ‍ॅस्परॅगस ही मोठ्या हॉटेलांच्या ताटातली भाजी आहे, सिन्नरच्या उघड्या माळावर तिचं काही काम नाही, असं मी बरीच वर्षं ठामपणे सांगत आले. ते मत मी आता सोडलं आहे. ते का धरलं होतं आणि का सोडलं, हे लिहून ठेवावंसं वाटतं, कारण हा बदल एका भाजीपुरता राहिला नाही. वाऱ्याकडे बघण्याची माझी नजर बदलली, आणि शेतातून आपण काय उचलतो, काय मागे ठेवतो, याचा हिशेबही बदलला.

आमची बाग सिन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, पट्टा किल्ल्याच्या डोंगररांगेसमोर आहे. १६७९ मध्ये जालन्याच्या मोहिमेवरून परतताना शिवाजी महाराज या किल्ल्यावर थांबले आणि त्याला विश्रामगड हे नाव पडलं. आज त्या रांगेवर पवनचक्क्या उभ्या आहेत. वाऱ्याची मोजदाद केल्याशिवाय पवनचक्की कुणी उभारत नाही, एवढं सांगितलं की आमच्या माळाचं वर्णन पुरं होतं. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा असतो. घाट चढताना तो इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात पाऊस टाकून येतो. सिन्नरकडे पोचेपर्यंत ढग हलके झालेले असतात, वारा मात्र तसाच. त्याआधी मे महिन्यात वळवाची वादळं. आणि थंडीत कोरडा वारा, जो जमिनीतली ओल दिवसभर ओढून नेतो. इथे शेवग्याच्या फांद्या मोडतात, पपई आडवी होते, वाटाण्याचे वेल काठ्यांसकट झोपतात.

अशा जागी अ‍ॅस्परॅगसला विरोध करायला माझ्याकडे पुरेशी कारणं होती. पहिलं, झाडाचा बांधा. कोंब खुडले नाहीत की ते पुरुषभर उंच वाढतात आणि त्यांना केसासारख्या बारीक पालवीचा पिसारा फुटतो. लग्नाच्या गुच्छात गुलाबामागे जी नाजूक हिरवळ खोचतात, ती याच्याच कुळातली. असा उंच, वजनदार पिसारा आमच्या वाऱ्यात टिकणार कसा? दुसरं, थांबणं. लावल्यापासून पहिली दोन वर्षं जवळजवळ काहीच काढायचं नाही. खरी तोडणी तिसऱ्या वर्षापासून. तिसरं कारण अनुभवाचं होतं. सफेद मुसळीची लाट आपल्याकडे येऊन गेली. महागड्या दराने बियाणं विकत घेतलेल्या शेतकऱ्यांच्या हाती माल आला तेव्हा भाव राहिला नव्हता. नव्या, देखण्या, परक्या नावाच्या पिकाबद्दल सावध राहणं मला तेव्हापासून शहाणपणाचं वाटत आलं आहे, आणि ते आजही वाटतं.

तरीही अ‍ॅस्परॅगस आमच्या बागेत आला, तो भाचीमुळे. तिने बियांपासून रोपं केली होती, ती वर्षाची झाल्यावर त्यांचे गड्डे घेऊन ती आली आणि बागेच्या सगळ्यात वाईट तुकड्यात, जिथे मुरूम वर आलेला आहे, तिथे चर खणायला लागली. मी म्हटलं, "अगं, इथे हरभरासुद्धा धड येत नाही." ती म्हणाली, "मावशी, म्हणून तर इथे. याला काळी जमीन नको, पाणी साचलेलं नको." वीतभर खोल चर, तळाला शेणखत, त्यावर मातीचा छोटा उंचवटा, उंचवट्यावर गड्डा ठेवून मुळं दोन्ही बाजूंना पसरलेली, दोन गड्ड्यांत दीड फूट, दोन ओळींत चार ते पाच फूट. कोंब वर येतील तशी माती थोडी थोडी लोटत चर भरायचा. ती लावून गेली आणि सांभाळणं माझ्याकडे आलं.

सांभाळायचं म्हटल्यावर मी या झाडाविषयी वाचायला लागले, आणि माझा मूळ समज तिथेच सैल झाला. ही हॉटेलांची भाजी नव्हेच. काटो नावाच्या रोमन लेखकाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात अ‍ॅस्परॅगसच्या लागवडीची सविस्तर रीत आहे. म्हणजे हे जुनं, शेतकऱ्याच्या परसातलं पीक. वाऱ्याबद्दलचा माझा समजही अर्धाच होता. युरोपात हे झाड वाळूच्या टेकड्यांवर, समुद्रकाठी रानटी वाढतं. वेल्स, कॉर्नवॉल, आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या कड्यांवर त्याचा एक प्रकार आहे, तो अटलांटिकच्या वाऱ्यात जमिनीलगत आडवा पसरून जगतो. वारा या कुळाला नवा नाही. उंच, सरळ, भरघोस वाढणारं झाड माणसाने बागेत निवडत निवडत घडवलं आहे. मग त्याला उभं ठेवण्याची जबाबदारीही माणसाचीच, हे मला पटलं.

पण मत पुरतं फिरलं ते या झाडाची कामाची पद्धत समजल्यावर. अ‍ॅस्परॅगसचा कोंब जमिनीतून वर येतो तेव्हा तो स्वतः काही कमावत नसतो. जमिनीखाली गड्ड्याला जाड, मांसल मुळांचा झुबका असतो. मागच्या हंगामात पिसाऱ्याने उन्हातून जे अन्न तयार केलं ते साखरेच्या रूपात या मुळांत साठतं, आणि त्या साठ्यावर पुढच्या हंगामाचे कोंब उठतात. आपण कोंब कापतो, गड्डा दुसरा पाठवतो. तोही कापतो, तिसरा येतो. साठा ओसरत जातो तसे कोंब बारीक होतात. पुढेही कापत राहिलं तर झाड लगेच मरत नाही, पण पुढच्या वर्षी गप्प होतं. पहिली दोन वर्षं काढायचं नाही, त्याचं कारण हेच. थोडक्यात, या पिकाची खरी कमाई पिसाऱ्याची. कोंब म्हणजे त्या कमाईवरचं व्याज. आणि पिसारा कुणी खात नाही.

हे मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आयुष्य निफाडच्या द्राक्षबागेत गेलेलं. ते म्हणाले, "यात नवं काय आहे? एप्रिलची छाटणी आपण कशासाठी करतो?" नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. ऑक्टोबरची छाटणी घडांसाठी. पण घड किती आणि कसे लागणार हे त्याच्या कितीतरी आधी, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ठरून गेलेलं असतं. त्यानंतर पहिल्या दोनेक महिन्यांत फुटणाऱ्या काडीवरच्या डोळ्यांत सूक्ष्मघड तयार होतात. त्या काळात पानांना पुरेसं ऊन मिळालं नाही, काडी पोसली नाही, तर ऑक्टोबरनंतर कितीही खर्च केला तरी घड जिरतात. उन्हाळ्यात वेलीवर एक द्राक्ष नसतं, आणि तेव्हाच बागायतदार सगळ्यात जास्त जपत असतो. आबांच्या त्या एका प्रश्नाने अ‍ॅस्परॅगस माझ्यासाठी परका राहिला नाही.

त्यानंतर वाऱ्याचा प्रश्न वेगळ्या रीतीने समोर आला. तोवर मी कोंबांची काळजी करत होते. वारा कोंबाचंही नुकसान करतो, पण ते लहान. वाऱ्याबरोबर उडणारी माती कोंबाच्या एका बाजूला घासते, ती बाजू वाळते, तिची वाढ मंदावते, दुसरी बाजू वाढत राहते. त्यामुळे कोंब वारा येतो त्या दिशेलाच वाकतो. वाकडा कोंब बाजारात मार खाईल, घरच्या कढईत चालतो. पिसारा मोडला तर मात्र पुढच्या वर्षाचा साठाच गेला. काडी बुडाशी मुरगळली की ती हिरवी दिसत राहते, पण गड्ड्यापर्यंत काही पोचत नाही. शिवाय वाऱ्यात हेलकावणारी काडी बुडाशी मातीत भोक पाडते, त्यात पावसाचं पाणी जिरतं आणि गड्डा कुजू लागतो. म्हणून जपायचा तो पिसारा, आणि तोही नेमका जून ते ऑगस्टच्या वाऱ्यात.

भिंत बांधावी, असं मला आधी वाटे. निदान सगळीकडून हिरवी शेडनेट दुहेरी लावून तुकडा बंद करून टाकावा. तो विचार मी सोडला. भरीव भिंतीवर वारा आदळतो, वरून उडी मारतो आणि पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो. भिंतीच्या आडोशाला लावलेलं झाड कधी कधी उघड्यावरच्यापेक्षा जास्त पिळवटतं. साधारण निम्मा वारा आत सोडणारा आणि निम्मा अडवणारा जिवंत पडदा जास्त चांगला. त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी झालेला जाणवतो. द्राक्षवाल्यांनी बागेच्या कडेने शेवरी, सुबाभूळ, गजराज गवत लावलं ते याच हिशेबाने. आम्ही पश्चिमेला शेवरीची दाट ओळ आणि तिच्या आत गवताची एक ओळ केली. दोन गोष्टी पाळल्या. पडद्यात मध्ये फट राहू द्यायची नाही, कारण फटीतून वारा जास्त जोराने घुसतो. आणि पडदा पिकापासून सात-आठ फूट लांब ठेवायचा, नाहीतर शेवरीची मुळं गड्ड्यांचं पाणी पितात. पिसाऱ्याच्या ओळींना दोन्ही बाजूंनी बांबू रोवून गुडघ्याच्या आणि कमरेच्या उंचीवर सुतळी ओढली. काडी सुतळीला बांधायची नाही. तिला हलायला जागा द्यायची, पडायला नाही.

वारा पूर्ण बंद न करण्याचं आणखी एक कारण आहे, आणि तेही द्राक्षाने शिकवलेलं. हवा खेळती नसली की पावसाळ्यात पानं ओली राहतात आणि बुरशी बसते. डाऊनी आणि करप्याने बागा कशा जातात हे नाशिकला कुणी सांगायला नको. अ‍ॅस्परॅगसवर तांबेरा येतो, तोही ओलसर, कोंदट पिसाऱ्यावर. आमचा वारा पाऊस थांबताच पिसारा सुकवून टाकतो. ज्या वाऱ्याला मी सरसकट शत्रू मानत होते, त्याचा अर्धा भाग माझ्या बाजूचा निघाला. मुरमाचंही तसंच: पाणी धरत नाही म्हणून ज्या जमिनीला नावं ठेवली, तिथेच गड्डे निरोगी राहिले.

याच काळात रानातल्या शतावरीकडे माझं लक्ष गेलं. सह्याद्रीच्या उतारांवर, करवंदीच्या जाळ्यांत वाढणारी काटेरी शतावरी अ‍ॅस्परॅगसची सख्खी नातलग. बाळंतिणीला शतावरी कल्प दिला जातो, त्यामुळे मुळांची ओळख घरोघरी आहे. डोंगराकडच्या गावांत मात्र तिची भाजीही होते. उन्हाळ्यात ती जमिनीवर दिसेनाशी होते आणि पहिल्या पावसानंतर मुळांतून कोवळे कोंब वर येतात. ते खुडून तेल, मिरची, लसूण घालून परततात. चव किंचित कडसर. पट्टा किल्ल्याच्या पायथ्याच्या एका आजींबरोबर मी ती खुडायला गेले. त्या उघड्यावर आलेला कोंब घेत होत्या, जाळीत शिरलेला सोडत होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जाळीत गेला की तो जून होतो, काटा धरतो. तो काय करायचा घेऊन?" चुलीच्या सोयीचा नियम, पण त्याने घडतं ते फार मोलाचं. आधार मिळालेला कोंब वेल होतो, पावसाळाभर मुळं भरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोंब येतात. करवंदीची जाळी त्याला वाऱ्यात उभं धरते. माझ्या बांबू-सुतळीचं काम रानात जाळी करते.

उलट औषधासाठी मुळं खणणारे येतात तेव्हा पूर्ण झुबका उपसला जातो आणि त्या जागी काही उरत नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० साली स्थापन झालं, आणि शतावरीची शेतात लागवड व्हावी यासाठी प्रयत्न होत आले, ते रानावरचा हा भार कमी व्हावा म्हणूनच. शेतात लावणाऱ्यानेही मुळं काढताना डोळ्यांचा भाग राखून पुन्हा लावला तर पुढची लागवड त्यातूनच होते. एकाच झाडाचे हे दोन वापर शेजारी ठेवून पाहिल्यावर माझ्या मनातला हिशेब पक्का झाला. कापलं की संपतं असं नाही. काय राखून कापलं, यावर सगळं अवलंबून आहे.

मग प्रश्न राहिला थांबायचं कधी. जर्मनीत अ‍ॅस्परॅगसचा मोसम हा मोठा सोहळा असतो, तरी रीतीप्रमाणे २४ जूनला, संत जॉनच्या सणाला, तोडणी संपते. त्यानंतर कोंब आले तरी ते झाडाचे. तारीख सणाला जोडली की मोह आवरायला वेगळा निर्धार लागत नाही. आमचं हवामान वेगळं, म्हणून तारखाही वेगळ्या हव्यात. थंड देशांत बर्फ झाडाला झोपवतं. आमची थंडी तेवढी कडक नसते, म्हणून विश्रांती पाणी तोडून द्यावी लागते. पेरू देशाच्या वाळवंटी किनाऱ्यावरही असंच करतात. मार्गशीर्षात ठिबक बंद केलं की पिसारा हळूहळू पिवळा पडतो. पूर्ण पिवळा झाल्यावरच, संक्रांतीच्या सुमारास, तो जमिनीलगत कापायचा. हिरवा असताना कापला तर मुळांकडे निघालेलं अन्न वाटेतच तुटतं. मग शेणखत, पाणी, वर पाचटाचं जाड आच्छादन, म्हणजे कोरडा वारा ओल नेत नाही.

तोडणी रथसप्तमीला सुरू करायची. तिसऱ्या वर्षाच्या झाडांची महाशिवरात्रीला थांबवायची, म्हणजे तीन आठवडे. चौथ्या वर्षाच्या झाडांची रंगपंचमीला. नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे हौद, उघडतात त्या दिवशी आमची सुरी बंद, म्हणजे सहा आठवडे. त्यापुढच्या जाणत्या झाडांची गुढीपाडव्याला, साडेसात आठवड्यांनी. मधेच कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक यायला लागले तर सणाची वाट न बघता थांबायचं. पाडव्यानंतर तसंही ऊन चढतं, कोंबाचं टोक लवकर उकलतं, चव उतरते. वैशाखापर्यंत पिसारा उभा राहतो आणि पावसाळाभर मुळं भरतो. पाण्याची सगळ्यात मोठी गरज पिसाऱ्याला, आणि ती आमच्याकडे पावसाच्या महिन्यांतच येते. सिन्नरसारख्या तालुक्यात ही गोष्ट लहान नाही.

मत बदललं म्हणून सगळंच बदललं असं मात्र नाही. हे पीक लावा आणि पैसा कमवा, असं मी कुणालाही सांगणार नाही. कोंब तोडल्यावर काही तासांत गोडी घटायला लागते, थंड साखळी नसेल तर माल मुंबईला पोचेपर्यंत दोरखंड होतो, आणि घेणारे मोजके. शिवाय पेरूच्या इका खोऱ्याचा धडा आहे. तिथे निर्यातीसाठी वाळवंटात अ‍ॅस्परॅगस पिकवताना भूगर्भातलं पाणी इतकं उपसलं गेलं की विहिरींची पातळी खाली गेली. बोअरवेलच्या मागे खोल खोल जाणं काय असतं हे आम्हाला ठाऊक आहे. पावसावर आणि थोड्या ठिबकवर परसात चार ओळी जगतात, तेवढ्याच लावाव्यात, असं माझं म्हणणं आहे. नीट राखलं तर हे झाड पंधरा-वीस वर्षं देतं. एवढ्या लांब मुदतीच्या नात्यात घाई आणि हाव दोन्ही महाग पडतात.

वाऱ्यावरच्या जागेत काय लावावं, असं मला विचारायला येणाऱ्यांना पूर्वी मी नकोच्या यादीत अ‍ॅस्परॅगस सांगायचे. आता म्हणते, लावा, पण कोंबांचं गणित करायच्या आधी पिसाऱ्याची व्यवस्था करा. शेवरी वर्षभर आधी लावा, मग गड्डे. आणि पाडव्याच्या पुढे कोंब दिसला, कितीही जाड, कितीही कोवळा असला, तरी तो पुढच्या वर्षाचा आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बागेची प्रतवारी टोपलीत काय आलं यावर मी आता करत नाही. भाद्रपदात ओळीत किती काड्या उभ्या आहेत, ते बघते.